किनाऱ्यावरचे पृष्ठतरंग रडार, खालून उडणारे विमान आणि सोलापूरची गच्ची

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तुम्ही तिघांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या सरफेस वेव्ह रडारने, म्हणजे पृष्ठतरंग रडारने, विमाने टिपून त्यांचा माग ठेवण्याचा प्रकल्प घेतला आहे. असे रडार ३०० किलोमीटरवरचे विमान दाखवते, असे तुमच्या वाचनात आले. त्यावरून तुम्ही विचारले आहे की वारंवारता कोणती घ्यावी, ट्रान्समीटर किती वॅटचा लागेल, सागरी प्रवाह मोजणाऱ्या सरकारी रडारांच्या माहितीतून विमाने काढता येतील का, आणि कॉलेजमागच्या मोकळ्या रानात अँटेना उभ्या करून निदान छोटा प्रयोग जमेल का. जाता जाता, संगणकावरच्या तुमच्या प्रतिकृतीत विमानाचा माग मध्येच तुटतो तो का, हेही विचारले आहे.

तुम्ही जाता जाता विचारलेला हा शेवटचा प्रश्नच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या प्रकारच्या रडारला विमान दिसणे तुलनेने सोपे असते. जहाजापेक्षा तर नक्कीच सोपे असते. अवघड असते ते दिसलेल्या विमानाचा माग टिकवणे, कारण हे रडार विमानाचा जवळ येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग फार चांगला सांगते, अंतर बरे सांगते आणि दिशा अगदीच ढोबळ सांगते. तुमची प्रतिकृती या तिन्ही मापांवर सारखाच विश्वास ठेवत असावी, असा माझा अंदाज आहे. त्याकडे येतोच, पण आधी बाकीचे प्रश्न.

मोकळ्या रानाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पृष्ठतरंग रडारचा सगळा डोलारा खाऱ्या पाण्यावर उभा असतो. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे उच्च वारंवारतेच्या, पट्ट्यातली, उभ्या ध्रुवणाची (जिचे विद्युत क्षेत्र उभ्या दिशेने हेलकावते अशी) लहर चांगल्या वाहक पृष्ठभागाला धरून चालते आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर क्षितिजापलीकडे वाकत जाते. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला साधारण ४ ते ५ सीमेन्स असते, तर जमिनीची त्याच्या शंभर ते काही हजार पटींनी कमी. सोलापूरची काळी जमीन पावसाळ्यात कोरड्या मुरमाड जमिनीपेक्षा पुष्कळ बरी असते, पण समुद्राच्या जवळपासही जात नाही. परिणामी शंभर किलोमीटरच्या जमिनीवरच्या वाटेत समुद्राच्या तुलनेत लहर एकेरी प्रवासातच काही दहा डेसिबलने क्षीण होते, आणि रडारला जाण्याचा व परतीचा असा दोन्ही वेळचा भुर्दंड भरावा लागतो. शिवाय सोलापूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि मध्ये सह्याद्री आडवा आहे. तेव्हा इथून समुद्रावरचे काही दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि जमिनीवर रडारचा पृष्ठतरंग म्हणून काही उरत नाही.

आता ‘३०० किलोमीटर’ या आकड्याकडे वळू. असा आकडा वाचला की पहिला प्रश्न विचारायचा तो विमान किती उंचीवर होते हा. वातावरणातले नेहमीचे अपवर्तन धरून सरळ दृष्टिरेषेचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे झाल्यास अँटेनाच्या आणि विमानाच्या मीटरमधल्या उंचींच्या वर्गमुळांची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणतात. अँटेना १० मीटर उंचीवर धरली आणि विमान १०,००० मीटरवर असले, तर हे अंतर ४२५ किलोमीटर येते. म्हणजे ३०० किलोमीटरवरचे प्रवासी विमान क्षितिजाच्या वरच असते आणि ते दाखवण्यात पृष्ठतरंगाची मोठी करामत नसते. तेच विमान १०० मीटरवरून उडत असेल, तर दृष्टिरेषा साधारण ५४ किलोमीटरवर संपते. ५४ किलोमीटरच्या पुढे जे काही दिसेल ते पृष्ठतरंगामुळे दिसेल. या रडारची खरी कमाई तिथे आहे, आणि ती ३०० किलोमीटर नसून परिस्थितीनुसार बरीच कमी असते. समुद्राची स्थिती, दिवस की रात्र, विमानाचा आकार, ते रडारकडे कोणती बाजू करून उडते आहे, या सगळ्यांवर ती अवलंबून असते. प्रकल्पाच्या अहवालात पल्ल्याचा एकच आकडा लिहू नका. उंची, वारंवारता आणि दिवसाची वेळ सोबत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

याच संदर्भात इतिहासातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या शास्त्रज्ञांनी बीबीसीच्या ४९ मीटर लघुलहरी प्रक्षेपणाच्या साहाय्याने हेफर्ड बॉम्बर विमानाचे प्रतिध्वनी टिपले. ही वारंवारता सुमारे ६ मेगाहर्ट्झ होती, म्हणजे आजच्या पृष्ठतरंग रडारांच्याच पट्ट्यातली. पुढे त्यातून उभी राहिलेली ‘चेन होम’ ही किनारी रडारांची साखळी २० ते ३० मेगाहर्ट्झवर चालत असे. ती उंचावरची विमाने दूरवरून दाखवी, पण समुद्रालगत खालून येणारे विमान तिला चुकवू शकत असे, आणि त्यासाठी २०० मेगाहर्ट्झची ‘चेन होम लो’ ही वेगळी केंद्रे उभारावी लागली. मग उच्च वारंवारतेचे रडार खालची विमाने दाखवते असे आज आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? फरक मुख्यतः ध्रुवणाचा आहे. विमानाचे पंख म्हणजे आडवा डायपोल (दोन दांड्यांची अँटेना), या विचाराने चेन होमचे ध्रुवण आडवे ठेवले होते. आडव्या ध्रुवणाची लहर पृष्ठभागाला चिकटून चालत नाही. थेट लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना खोडतात आणि क्षितिजालगतचा पट्टा आंधळा होतो. उभ्या ध्रुवणात खाऱ्या पाण्यावर हे खोडणे जवळजवळ होत नाही. त्याची किंमत म्हणजे मुख्यतः आडव्या असलेल्या पंखांकडून आणि धडाकडून उभ्या ध्रुवणाचा प्रतिध्वनी कमी मिळतो. तुमच्या प्रतिकृतीत विमानाचा परावर्तन-छेद (ते रडारची लहर किती परत फेकते याचे माप) एकच स्थिर आकडा धरला असेल, तर तो कोनानुसार आणि वारंवारतेनुसार बदलता ठेवा.

आता विमान ‘दिसते’ म्हणजे पडद्यावर नेमके काय दिसते ते पाहू. आडव्या अक्षावर डॉप्लर (लक्ष्य जवळ येताना किंवा दूर जाताना प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणारा फरक) आणि उभ्या अक्षावर अंतर असा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वारंवारता ५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे तरंगलांबी ६० मीटर. शून्याच्या दोन्ही बाजूंना, उणे आणि अधिक ०.२३ हर्ट्झजवळ, वरपासून खालपर्यंत गेलेल्या दोन तेजस्वी उभ्या रेघा दिसतात. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या, म्हणजे ३० मीटरच्या, समुद्रलाटांकडून येणारे हे ब्रॅग प्रतिध्वनी. १९५५ साली क्रॉम्बी यांनी न्यूझीलंडमध्ये १३.५६ मेगाहर्ट्झवर ते ओळखले. त्यांचे सूत्र सोपे आहे : मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेचे वर्गमूळ काढून त्याला ०.१०२ ने गुणले की हर्ट्झमधले उत्तर येते. या रेघांच्या आजूबाजूला लाटांच्या एकमेकींत मिसळण्यातून आलेला मंद उजेड पसरलेला असतो आणि तो साधारण एक हर्ट्झच्या आत संपतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने रडारकडे येणारे जहाज ०.२७ हर्ट्झवर, म्हणजे रेघेला जवळजवळ चिकटून दिसते, आणि म्हणूनच जहाजवाल्यांची डोकेदुखी मोठी. सेकंदाला २२० मीटर वेगाने येणारे विमान मात्र ७.३ हर्ट्झवर, पार उजवीकडच्या काळ्या भागात, एकटाच ठिपका म्हणून उठते. तिथे समुद्र नसतो, फक्त आवाज, म्हणजे नको असलेल्या रेडिओ लहरींचा गोंगाट, असतो. सेकंदाला ६० मीटरचे छोटे विमानसुद्धा २ हर्ट्झवर मोकळे सापडते. विमान टिपणे सोपे असे मी वर म्हटले ते यामुळे.

इथेच प्रवाह मोजणाऱ्या रडारांच्या माहितीचा प्रश्न निकालात निघतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा, गुजरात आणि अंदमानच्या किनाऱ्यांवर अशा रडारांच्या जोड्या बसवल्या आहेत, आणि त्यांतले प्रवाहांचे नकाशे उपयोगाचे असतात. पण ही रडारे लाटांसाठी बांधलेली असतात. ५ मेगाहर्ट्झच्या आसपास ती वारंवारतेची झाडणी (ठरलेल्या पट्ट्यात वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवणे) साधारण सेकंदाला एकदा करतात. सेकंदाला एक नमुना घेतला तर उणे अर्धा ते अधिक अर्धा हर्ट्झ इतकाच डॉप्लर निःसंदिग्ध मोजता येतो, म्हणजे सेकंदाला १५ मीटरपर्यंतचा वेग. वरच्या विमानाचा ७.३३ हर्ट्झचा डॉप्लर यात दुमडला जाऊन ०.३३ हर्ट्झवर, नेमका ब्रॅगच्या रेघेशेजारी, जाऊन बसतो. म्हणजे जो ठिपका मोकळ्या मैदानात उभा होता तो आपण आपल्या हातांनी गर्दीत ढकलला. त्यातून बाहेर दिली जाते ती माहिती सहसा तासाभराच्या सरासरीची असते आणि विमाने-जहाजे त्यात ‘दोष’ म्हणून गाळलेली असतात. त्यामुळे ही माहिती मिळाली तरी तुमच्या कामाची नाही.

विमानांसाठी झाडणी सेकंदाला निदान ३५ वेळा तरी लागेल, म्हणजे सेकंदाला ५०० मीटरपर्यंतचा वेग दुमडल्याशिवाय मावेल. मी ५० घेईन. त्याहून अधिक घेण्याचा मोह टाळा. सेकंदाला ५० झाडण्या म्हणजे ३,००० किलोमीटरपर्यंतचे अंतर निःसंदिग्ध. ५०० झाडण्या केल्या तर हेच अंतर ३०० किलोमीटरवर येते आणि आयनावरणावरून, म्हणजे वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरांवरून, उसळून हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेले प्रतिध्वनी तुमच्या पल्ल्यात घुसून जवळचे असल्यासारखे दिसू लागतात. सूक्ष्मतरंग रडारवाल्यांना वेग आणि अंतर यांत सतत एकाचा बळी द्यावा लागतो. उच्च वारंवारतेवर ती कुचंबणा जवळजवळ नाही, आणि ही सवलत उगाच वाया घालवू नये.

यानंतरचा मुद्दा किती वेळ ‘पाहायचे’ हा, आणि माझ्या मते डिझाइनचा खरा कस इथे लागतो. जहाजासाठी दोन-दोन मिनिटे प्रतिध्वनी साठवून एकत्र जुळवतात, कारण जहाज तेवढ्या वेळात फारसे बदलत नाही. विमानाला इतका वेळ देता येत नाही. गड्ड्याच्या यात्रेतल्या फिरत्या पाळण्याचा रात्री मोबाइलवर फोटो काढताना शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर दिवे उजळ येतात, पण पाळण्याऐवजी नुसते तेजाचे कडे उमटते. तसेच इथे होते. गणित असे : साठवणीच्या काळात डॉप्लरचा बदल डॉप्लरच्या एका कप्प्याहून, म्हणजे वेगळा ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान फरकाहून, अधिक होता कामा नये. त्यावरून साठवणीचा कमाल काळ म्हणजे तरंगलांबीला त्वरणाच्या दुपटीने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. ६० मीटर तरंगलांबीला, रडारच्या दिशेने सेकंद-वर्गाला ३ मीटर त्वरण असेल तर हा काळ तीन सेकंदांच्या थोडा वर येतो. वळणाऱ्या लढाऊ विमानाचे त्वरण १० असेल तर पावणेदोन सेकंद.

सरळ आणि एकसारख्या वेगाने जाणाऱ्या विमानाला त्वरण नसते, मग त्याला कितीही वेळ द्यावा, असे विद्यार्थ्यांना हमखास वाटते. रडारला मात्र त्वरण दिसते. १०० किलोमीटर अंतरावरून आडव्या दिशेने जाणाऱ्या २२० मीटर वेगाच्या विमानाचे रडारच्या दिशेचे आभासी त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर, अर्थात जवळजवळ अर्धा मीटर प्रति सेकंद-वर्ग. त्यामुळे ते अगदी सरळ उडत असले तरी साठवणीची मर्यादा आठ सेकंदांच्या आसपास येते. जहाजाच्या १२० सेकंदांच्या तुलनेत विमानाला ६ सेकंद दिले, तर साठवणीतून मिळणाऱ्या लाभात १३ डेसिबलची घट होते. विमानाला समुद्रापासून सुटका मिळते, पण ती अशी विकत घ्यावी लागते. व्यवहारात एकच काळ ठरवून चालत नाही. मी तीच माहिती दोन सेकंदांच्या आणि आठ सेकंदांच्या खिडक्यांतून समांतर काढायला सांगतो. खिडक्या एकमेकींवर निम्म्या चढलेल्या ठेवल्या की दर चार सेकंदांनी नवे निरीक्षण हाती येते. शांतपणे उडणारे दूरचे विमान लांब खिडकीत सापडते, वळणारे आखूड खिडकीत.

थोडक्यात आतापर्यंतचे : वाट समुद्राची हवी, ध्रुवण उभे हवे, झाडणी सेकंदाला पन्नासच्या आसपास हवी आणि साठवण काही सेकंदांचीच हवी. प्रवाहांच्या रडारात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी असतात, पुढच्या दोन नसतात.

वारंवारतेबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही. ती खाली नेली तर पृष्ठतरंगाची झीज कमी होते आणि पल्ला वाढतो, म्हणूनच दूरच्या जहाजांसाठीची रडारे ३ ते ६ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. पण लक्ष्य तरंगलांबीपेक्षा फार लहान झाले की त्याचा परावर्तन-छेद वारंवारतेच्या चौथ्या घाताने कोसळतो. दोन-तीन मीटरचा ड्रोन ६० मीटरच्या लहरीला जवळजवळ नसल्यासारखाच असतो. वर गेलात तर लहान विमाने बरी दिसतात, पण खवळलेल्या समुद्रामुळे होणारी जादा झीज वाढत जाते, आणि अरबी समुद्राच्या बाबतीत जून ते ऑगस्टमध्ये हा काही किरकोळ मुद्दा नव्हे. शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंतच्या, खालून उडणाऱ्या मध्यम आकाराच्या विमानांसाठी माझा कल ६ ते १० मेगाहर्ट्झकडे राहील, आणि शक्य असेल तर दोन वारंवारता आलटून पालटून वापराव्यात असेच मी म्हणेन. विमानाची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास असते तेव्हा त्याचा प्रतिध्वनी कोन जरा बदलला तरी खूप चढउतार दाखवतो, आणि एका वारंवारतेवर बुडालेला प्रतिध्वनी दुसरीवर सहसा वर असतो.

वॅटच्या बाबतीत निराशा करतो. मोकळ्या अवकाशातसुद्धा शक्ती दुप्पट केली तर पल्ला १९ टक्क्यांनी वाढतो, आणि दुप्पट पल्ल्यासाठी सोळा पट शक्ती लागते. पृष्ठतरंगात अंतराबरोबरची झीज त्याहून तीव्र असल्याने मोबदला आणखी कमी मिळतो. दुसऱ्या बाजूला, रिसीव्हरचा स्वतःचा आवाज कमी करण्यासाठी महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यातही अर्थ नाही. या पट्ट्यात विजांचा, माणसांच्या उपकरणांचा आणि दूरदूरच्या रेडिओ केंद्रांचा जो आवाज अँटेनातून आत येतो त्यापुढे रिसीव्हरचा आवाज खिजगणतीत नसतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लघुलहरीचा रेडिओ लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते ऐकू येईल. पैसे खर्च करायचे तर रिसीव्हरच्या मोठ्या गतिकी पल्ल्यावर करावेत, म्हणजे शेजारचे जोरदार केंद्र आणि विमानाचा क्षीण प्रतिध्वनी दोन्ही त्यात विकृती न येता मावतील. त्यानंतर मोकळी वाहिनी सतत शोधत राहणाऱ्या व्यवस्थेवर करावेत.

रात्रीचा विषय वेगळा आहे. सूर्यास्तानंतर आयनावरणाचा सर्वांत खालचा, लहरी शोषून घेणारा डी थर विरतो आणि हजारो किलोमीटरवरची केंद्रे स्वच्छ ऐकू येऊ लागतात. रडारच्या दृष्टीने हा सगळा आवाजच, त्यामुळे रात्री पल्ला घटतो. त्यात भर म्हणजे आपलीच लहर वर जाऊन आयनावरणावरून परत येते. नकाशावर १०० ते १२० किलोमीटरला ई थराचा आणि साधारण २०० ते ३५० किलोमीटरला एफ थराचा पट्टा उमटतो. आपण विषुववृत्तीय प्रदेशात असल्याने रात्री एफ थर अनेकदा फाटल्यासारखा अस्ताव्यस्त होतो, आणि हा पट्टा डॉप्लरमध्ये इतका पसरतो की विमानांच्या मोकळ्या भागातही शिरतो. युरोपातल्या शोधनिबंधांतले आवाजाचे आकडे उचलून आपल्या अक्षांशाला चिकटवले तर प्रतिकृती वास्तवापेक्षा फार गोंडस दिसते.

आता तुटणाऱ्या मागाकडे वळू. तुमचा बँडविड्थ, म्हणजे झाडणीत व्यापलेला वारंवारतेचा पट्टा, ५० किलोहर्ट्झ धरू. अंतराचा कप्पा ३ किलोमीटरचा होतो. ३० मीटर अंतराने १६ अँटेनांची रांग धरली तर लांबी ४५० मीटर, आणि बीमची, म्हणजे रडारच्या झोताची, रुंदी साडेसात अंशांच्या आसपास. १५० किलोमीटरवर ही रुंदी २० किलोमीटर भरते. प्रतिध्वनी स्वच्छ असेल तर शेजारच्या बीमांची तुलना करून दिशा बीमच्या दहाव्या हिश्शापर्यंत नेता येते, तरीही दोनेक किलोमीटरची चूक उरतेच, आणि प्रतिध्वनी क्षीण असताना ती कितीतरी वाढते. याउलट आठ सेकंदांच्या खिडकीत डॉप्लरचा कप्पा ०.१२५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पावणेचार मीटर. दर चार सेकंदांच्या निरीक्षणात विमान ८८० मीटर सरकते, म्हणजे अंतराच्या एका कप्प्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. तेव्हा विमान किती सरकले हे अंतराच्या मापापेक्षा डॉप्लर अधिक खात्रीने सांगतो.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, माग सुरू करताना ‘पाचांपैकी तीन निरीक्षणे’ यासारखा नियम पुरेसा नाही. त्या तिन्हींतल्या अंतराचा बदल त्यांच्या डॉप्लरशी जुळला पाहिजे, अशी अट घाला. उल्कांच्या क्षणिक रेषा आणि आयनावरणाचे तुकडे या अटीत बहुतेक गळतात, कारण त्यांचा डॉप्लर आणि सरकणे यांचा मेळ बसत नाही. दुसरी, फिल्टरमध्ये, म्हणजे मापांवरून विमानाचे स्थान आणि वेग अंदाजणाऱ्या गणितात, डॉप्लरला स्वतंत्र माप म्हणून स्थान द्या आणि प्रत्येक मापाला त्याच्या खऱ्या चुकीइतकेच वजन द्या. दिशेची चूक अंतराबरोबर आडवी पसरत जाते, त्यामुळे क्ष-य अक्षांवर सरळ कालमन फिल्टर लावला तर चूक किती आणि कोणत्या दिशेने पसरते ते दाखवणारा लंबगोल वाकडा बसतो. निदान मापांचे रूपांतर करताना तो लंबगोल प्रत्येक वेळी नव्याने मोजा.

तिसरी गोष्ट तुमच्या तक्रारीशी थेट संबंधित आहे. तुमच्या प्रतिकृतीतले विमान किनाऱ्याला समांतर जाते, आणि माग ते रडारच्या अगदी समोर आल्यावर तुटतो, असे तुम्ही लिहिले आहे. तसे होणारच. समोर येताना त्याचा रडारच्या दिशेचा वेग शून्याकडे जातो. तो सेकंदाला ३० मीटरच्या खाली आला की डॉप्लर एक हर्ट्झच्या आत येतो आणि विमान समुद्राच्या गर्दीत शिरते. २२० मीटर वेगाला हा आंधळा पट्टा लंबाच्या दोन्ही बाजूंना सुमारे आठ-आठ अंशांचा असतो. १०० किलोमीटरवर त्याची लांबी सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे विमानाला तो ओलांडायला दोन मिनिटे लागतात. तुमचा कार्यक्रम पाच निरीक्षणे हुकली की माग रद्द करतो. पाच निरीक्षणे म्हणजे वीस सेकंद. माग रद्द करण्याचा नियम सर्वत्र एकच ठेवू नका. अंदाजित डॉप्लर एक हर्ट्झच्या आत जात असेल तर हुकणे अपेक्षितच आहे, तेव्हा तो माग झोपलेला समजा, मेलेला नव्हे. आत शिरण्यापूर्वी डॉप्लर कोणत्या दराने उतरत होता तेही लक्षात ठेवा, कारण तो दर वेगाच्या वर्गाला अंतराने भागून येणाऱ्या त्याच आभासी त्वरणाकडे चाललेला असतो. अंतर माहीत असल्याने त्यातून विमानाचा पूर्ण वेग अंदाजता येतो आणि ते दुसऱ्या बाजूला कधी व कोणत्या डॉप्लरवर बाहेर पडेल हे बऱ्यापैकी सांगता येते. विमानाने मधल्या काळात वळण घेतले तर मात्र हा अंदाज फसतो. त्यावर खरा इलाज किनाऱ्यावरच्या दुसऱ्या केंद्राचा आहे, कारण एका केंद्राला लंब जाणारे विमान दुसऱ्याला तसे जात नाही.

जागेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण अहवालात एक परिच्छेद त्यावर असावा. अँटेना भरतीच्या रेषेच्या जितक्या जवळ असतील तितके चांगले, कारण मधली कोरडी वाळू प्रत्येक मीटरला लहर खाते. कोकणात ४५० मीटरची सरळ रांग मावेल असे गुहागरसारखे लांब किनारे थोडेच आहेत. बाकी ठिकाणी जांभ्याचे सडे समुद्रापर्यंत येतात आणि वर रांग लावली तर उंची मिळते पण पाण्याशी संबंध तुटतो. प्रत्यक्ष केंद्रात सगळ्यात जास्त वेळ जातो तो केबलांचा. खाऱ्या हवेने एखादा कनेक्टर हिरवा पडतो, त्या वाहिनीची कला (फेज) पंधरा-वीस अंशांनी सरकते आणि दिशा चुकायला लागते, पण अंतर आणि डॉप्लर व्यवस्थित असल्याने आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग सोलापुरात बसून काय करावे? माझा सल्ला असा की पृष्ठतरंगाचा भाग प्रतिकृतीतच ठेवा, आणि मागाचा भाग खऱ्या माहितीवर तपासा. त्यासाठी एफएम केंद्राच्या प्रक्षेपणावर चालणारे निष्क्रिय रडार हा चांगला पर्याय आहे. यात आपण काहीच प्रक्षेपित करत नाही. एक अँटेना शहरातल्या एफएम केंद्राकडे रोखायची, दुसरी आकाशाकडे, आणि दोन्ही एकाच घड्याळावर चालणाऱ्या दोन वाहिन्यांच्या सॉफ्टवेअर रिसीव्हरला जोडून त्यांचा मेळ काढायचा. संगीत चालू असताना अंतराचा कप्पा काही किलोमीटरचा मिळतो, निवेदक बोलत असताना तो बिघडतो. दिशा ढोबळच असते आणि डॉप्लर बारीक असतो, कारण तीन मीटरच्या लहरीवर विमानाचा डॉप्लर शंभर हर्ट्झच्या वर जातो. म्हणजे मागाच्या दृष्टीने तुमच्यापुढे पृष्ठतरंग रडारचाच प्रश्न जवळजवळ त्याच रूपात येतो. समुद्राच्या जागी केंद्राचा थेट सिग्नल असतो, आणि तो अनुकूली (बदलत्या सिग्नलशी स्वतःला जुळवून घेणाऱ्या) फिल्टरने वजा करणे हे तुमच्या प्रकल्पातले सगळ्यात चिवट काम ठरेल. त्यासाठी वेळ राखून ठेवा.

पडताळणीसाठी विमाने स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर आपले स्थान सांगत असतात, साधारण सेकंदाला दोनदा, आणि साध्या यूएसबी रिसीव्हरने ते गच्चीवरून टिपता येते. नकाशावर मुंबई-हैदराबाद सरळ रेषा ओढली तर ती बार्शीच्या जवळून जाते, त्यामुळे विमानांची वानवा भासणार नाही. पहिल्या आठवड्यात रडारचे काहीच करू नका. फक्त ही स्थाने नोंदवा, त्यांत मी वर दिलेल्या चुका मुद्दाम मिसळा (अंतरात ३ किलोमीटरचे कप्पे, दिशेत दोन-तीन अंश, वेगात चार मीटर), लंबाभोवतीची दोन मिनिटे पुसून टाका आणि तुमचा फिल्टर त्या माहितीवर चालवा. किती माग अखंड राहिले, किती तुटले आणि किती एकमेकांत अदलाबदल झाले, एवढ्या तीन आकड्यांचा तक्ता मला पाठवा. झाडणी आणि खिडक्यांचे आकडे त्यावरून पुन्हा ठरवू. आणि किनाऱ्यावर जाऊन लहर सोडण्याचा बेत पुढेमागे केलाच, तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेचा परवाना मिळेपर्यंत ट्रान्समीटरची वायर डमी लोडलाच (लहर बाहेर न सोडता शक्ती जिरवणाऱ्या रोधाला) राहू द्या.